वाढत्या वयातील वाकडा कणा : थर्मल कॅमेऱ्याला काय दिसते, काय दिसत नाही

प्रतिनिधी, ठाकुर्ली

मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की दार लावून कपडे बदलू लागते आणि त्याची उघडी पाठ घरातील कोणाच्याही नजरेस पडेनाशी होते. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील असंख्य घरांत आई-वडील दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईकडे निघतात आणि दिवेलागणीनंतर परततात. तेथे तर मुलांकडे निवांतपणे पाहण्याची संधी आणखीच कमी. पाठीच्या कण्याला एका बाजूला बाक येण्याचा आणि तो झपाट्याने वाढण्याचा काळ नेमका हाच असतो. हा बाक सुरुवातीला सहसा दुखत नाही, त्याने ताप येत नाही, शाळा बुडत नाही. त्यामुळे तो बहुधा उशिरा, आणि तोही योगायोगाने, लक्षात येतो. पूर्वी गणवेश शिवताना माप घेणारा शिंपी 'एक खांदा खाली आहे' किंवा 'फ्रॉकचा घेर एका बाजूला उतरतो' असे सांगून जात असे. तयार गणवेशांच्या काळात तीही नजर गेली.

या विकाराला वैद्यकीय भाषेत स्कोलिओसिस म्हणतात. पोक काढून बसण्याची सवय किंवा कुबड ही वेगळी गोष्ट आहे. पोक पुढच्या दिशेने येते, तर स्कोलिओसिसमध्ये कणा उजवीकडे किंवा डावीकडे झुकतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती थोडे पिळलेही जातात. या पिळामुळे छातीच्या फासळ्या एका बाजूने पाठीकडे उचलल्या जातात. क्ष-किरण चित्रावर हा बाक १० अंश किंवा त्याहून अधिक भरला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणावे, असा संकेत आहे. तो मोजण्याची रीत अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली आणि आजही जगभर 'कॉब अँगल'च वापरला जातो. किशोरवयात दिसणाऱ्या बहुसंख्य रुग्णांमध्ये बाकाचे निश्चित कारण सापडत नाही.

दप्तराच्या ओझ्याने कणा वाकडा होतो, ही समजूत पालकांमध्ये घट्ट रुजलेली आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे राज्य शासनाने २०१५ मध्ये शाळांना बजावले आणि ते योग्यच झाले. जड दप्तराने खांदे व पाठ दुखते, मूल पुढे झुकून चालते. पण स्कोलिओसिस त्यामुळे होतो, याला पुरावा नाही. ही समजूत निरुपद्रवी वाटली तरी तिचा तोटा होतो. मुलीचा एक खांदा उतरलेला दिसला की दप्तराची बाजू बदलली जाते आणि डॉक्टरांकडे जाणे राहून जाते.

उष्णतेचे चित्र

अलीकडे अशा मुलांना वेळीच हेरण्यासाठी थर्मल इमेजिंगचा, म्हणजे उष्णताचित्रणाचा, पर्याय चर्चेत आला आहे. करोनाच्या साथीत कार्यालयांच्या आणि दुकानांच्या दारात कपाळावर रोखली जाणारी 'बंदूक' सर्वांनी पाहिली. ती एका ठिकाणचे तापमान सांगते. थर्मल कॅमेरा त्याच तत्त्वावर संपूर्ण पृष्ठभागाचा तापमानाचा नकाशा काढतो. रेल्वेच्या वसाहतीसाठी आणि जुन्या चोळे वीजगृहासाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाकुर्लीला हे यंत्र तसे अपरिचित नसावे. ओव्हरहेड तारांमधील किंवा उपकेंद्रातील एखादा सांधा ढिला होऊन तापू लागला की तो शोधण्यासाठी रेल्वे असेच कॅमेरे वापरते.

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये शोधलेले अवरक्त किरण प्रत्येक उबदार वस्तूतून बाहेर पडत असतात, माणसाच्या त्वचेतूनही. चांगला कॅमेरा त्यांच्या आधारे अंशाच्या दहाव्या भागाहूनही लहान फरक टिपतो. निरोगी माणसाच्या पाठीचे असे चित्र काढले, तर कण्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूंचे रंग साधारणपणे एकसारखे येतात. कणा एका बाजूला झुकलेला असेल, तर त्याला धरून ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर सारखा ताण पडत नाही. काम असमान झाले की रक्तपुरवठा असमान होतो आणि त्वचेचे तापमानही थोडे असमान होऊ शकते. एवढ्याच तर्कावर ही तपासणी उभी आहे. शरीराला स्पर्श नाही, किरणोत्सर्ग नाही, चित्र काही सेकंदांत तयार. शाळेच्या वर्गात मांडता येईल असे हे साधन असल्याने त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे.

कल्पना मात्र नवी नाही. उष्णताचित्रणाने किशोरवयीन स्कोलिओसिस ओळखता येईल का, याचा प्राथमिक अभ्यास १९८० मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर कॅमेरे स्वस्त आणि लहान झाले, संगणकाची ताकद वाढली आणि विषय पुन्हा वर आला. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३१ जणांच्या पाठीची उष्णताचित्रे तपासली. पाठीच्या काही ठरावीक स्नायूंच्या जागी डाव्या-उजव्या बाजूंच्या तापमानात फरक आढळला आणि या दिशेने पुढे जाण्यासारखे आहे, असे त्यातून दिसले. परंतु ३१ ही संख्या हजारो विद्यार्थ्यांच्या तपासणीचा पाया होऊ शकत नाही. कॅमेरा हाड पाहत नाही, तो कातडीची ऊब पाहतो, हे कोणत्याही जाहिरातीपुढे विसरून चालणार नाही. स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत थर्मोग्राफी हा मॅमोग्राफीला पर्याय नव्हे, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिला आहे. त्याचे कारणही यासारखेच आहे.

आपल्या हवेतील अडचण तर वेगळीच. विश्वासार्ह उष्णताचित्रासाठी खोलीचे तापमान साधारण २० ते २४ अंशांच्या दरम्यान स्थिर हवे, वाऱ्याचा झोत नको आणि मुलाने पाठ उघडी ठेवून दहा-पंधरा मिनिटे शांत थांबायला हवे. त्याआधी खेळाचा तास झालेला नको, त्वचेवर तेल किंवा पावडर नको. मे महिन्यातील उकाड्यात किंवा जूनच्या दमट हवेत, छताचे पंखे फिरणाऱ्या वर्गात हे कसे जमवायचे? घाम वाळताना त्वचा थंड होते. पंख्याखाली उभ्या असलेल्या मुलाची एक बाजू दुसरीपेक्षा गार होते. एका खांद्याला दप्तर अडकवून पायऱ्या चढून आलेल्या मुलाच्या त्या खांद्यावर पट्ट्याच्या घर्षणाची ऊब बराच वेळ राहते. अशा चित्रात कणा सरळ असूनही तो वाकडा असल्याचा संशय येईल आणि वाकडा असूनही सरळ असल्याचा भास होईल.

क्ष-किरणांची भीती कोठून आली?

मग क्ष-किरण चित्रच का काढू नये, असा प्रश्न सहज पडतो. निदानासाठी ते आजही अपरिहार्य आहे. मात्र सर्वच मुलांची चाळणी करण्यासाठी ते वापरणे योग्य नाही, कारण वाढत्या वयातील शरीरावर किरणोत्सर्गाचा परिणाम साठत जातो. याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेत मिळाला. १९१२ ते १९६५ या काळात स्कोलिओसिसचे निदान झालेल्या साडेपाच हजारांहून अधिक स्त्रियांचा मागोवा घेणारा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांच्या काळात या स्त्रियांची सरासरी जवळपास २५ क्ष-किरण चित्रे काढली गेली होती. त्यांच्यातील स्तनांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळले. त्या काळातील यंत्रांची मात्रा आजच्या मानाने फार मोठी होती, हे खरे. आता मात्रा कमी झाली आहे, चित्र पाठीमागच्या बाजूने घेतल्यास छातीला लागणारे किरण आणखी कमी होतात. परंतु किरणांविना काम भागेल असे साधन शोधण्यामागची खरी प्रेरणा त्या स्त्रियांच्या आकडेवारीत आहे.

जपानमध्ये १९७० च्या दशकात प्रकाशाच्या पट्ट्यांची जाळी पाठीवर टाकून तिचे उंचसखलपण पाहण्याची मॉयरे पद्धत शाळांमध्ये रुजली. चीनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये उघड्या पाठीच्या साध्या छायाचित्रांवरून संगणकाकरवी बाक ओळखण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. थर्मल कॅमेरा हा याच मालिकेतील एक दुवा म्हणायला हवा.

या सर्वांच्या आधीची आणि सर्वांत साधी तपासणी एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या पाठीशी जोडलेली आहे. इग्वानोडॉन या प्रचंड सरड्यासारख्या प्राण्याचे अवशेष ओळखणारे इंग्लंडचे डॉ. गिडियन मँटेल पाठीच्या वेदनांनी अनेक वर्षे त्रस्त होते. १८५२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर शवविच्छेदनात त्यांचा कणा किती वाकला होता ते उघड झाले. त्यांना तपासलेले शल्यविशारद विल्यम अ‍ॅडम्स यांनी पुढे १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानांतून दाखवून दिले की, उभ्या माणसात लपलेला बाक तो कमरेतून पुढे वाकला की फासळ्यांच्या उंचवट्याच्या रूपाने डोळ्यांना दिसतो. 'अ‍ॅडम्स चाचणी' म्हणून ती आजही जगभरच्या शाळांत आणि दवाखान्यांत केली जाते. १९८४ मध्ये अमेरिकेतील डॉ. विल्यम बनेल यांनी तिला स्कोलिओमीटरची जोड दिली. गवंड्याच्या पाणपातळीसारखे हे छोटे साधन वाकलेल्या पाठीवर आडवे ठेवले की पाठ किती कलली आहे ते अंशांत कळते. कल ७ अंश किंवा त्याहून अधिक भरल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवण्याचा प्रघात आहे. वीज लागत नाही, वातानुकूलित खोली लागत नाही. थर्मल कॅमेऱ्याला स्पर्धा करायची आहे ती या पाणपातळीशी, आणि अद्याप तरी त्याने ती जिंकलेली नाही.

चाळणीचा हिशेब

सर्वच मुलांची तपासणी करावी का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. या वादामागील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. १० ते १६ वयोगटातील मुलांमध्ये स्कोलिओसिसचे प्रमाण जगभरात साधारण दोन ते तीन टक्के मानले जाते. म्हणजे हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत असे २० ते ३० जण सापडतील. मात्र त्यांतील बहुतेकांचा बाक किरकोळ असतो आणि तो आयुष्यभर किरकोळच राहतो. २० अंशांच्या पुढचा बाक हजारात तीन ते पाच जणांत, तर ३० अंशांच्या पुढचा एक ते तिघांत आढळतो. किरकोळ बाकात मुले-मुली जवळजवळ सारख्याच संख्येने असतात, पण ३० अंशांच्या पुढे गेलेल्यांमध्ये मुलींची संख्या मुलांच्या कितीतरी पट असते.

समजा, एखादे यंत्र शंभर सरळ पाठींपैकी दहांना चुकून वाकडे ठरवते. ऐकायला हे वाईट वाटत नाही. पण हजारांच्या शाळेत त्याचा अर्थ सुमारे ९७ निरोगी मुलांना विनाकारण क्ष-किरणांसाठी धाडणे असा होतो. किरण टाळण्यासाठी आणलेले यंत्रच मग किरणांची रांग वाढवते. ज्या तीन-चार मुलांसाठी हा खटाटोप, ती या गर्दीत हरवण्याचा धोकाही असतो. उष्णताचित्राच्या बाबतीत अशा चुका किती होतात, हे मोठ्या संख्येने मुले तपासल्याखेरीज ठरवता येणार नाही.

अमेरिकेत १९६० च्या दशकापासून शाळांमध्ये ही तपासणी सुरू झाली आणि अनेक राज्यांनी ती सक्तीची केली. पुढे २००४ मध्ये तेथील प्रतिबंधक सेवा कृती दलाने तिच्या विरोधात मत दिले. २०१८ मध्ये त्याच दलाने भूमिका बदलून, बाजूने वा विरोधात सांगण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. दरम्यानच्या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. कमरेला आणि छातीला बसणारा कडक पट्टा, म्हणजे ब्रेस, खरोखर उपयोगी पडतो का, याचे ठोस उत्तर २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील २४२ मुला-मुलींवरील चाचणीने दिले. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांमध्ये बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला सरासरी १३ तास किंवा अधिक काळ पट्टा घालणाऱ्यांमध्ये तर यश नव्वद टक्क्यांच्या वर गेले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. हाँगकाँगमध्ये १९९५ पासून शालेय आरोग्य सेवेतून ही तपासणी टप्प्याटप्प्याने होते. पुढे वाकण्याची चाचणी आणि स्कोलिओमीटर ही पहिली पायरी, संशय आल्यास मॉयरे चित्रण आणि त्यानंतरच क्ष-किरण. थर्मल कॅमेऱ्याला उद्या जागा मिळालीच, तर ती अशा मधल्या पायरीवर मिळण्याची शक्यता अधिक दिसते.

तीसच्या यादीत नाव नाही

भारतातील शालेय आरोग्य तपासणीचा सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांच्या व पोषणाच्या उणिवा, आजार आणि विकासातील विलंब अशा ३० बाबी या कार्यक्रमात तपासल्या जातात. त्यात वाकडी पावले आहेत, जन्मजात निखळलेला खुबा आहे, मुडदूस आहे. किशोरवयात येणारा कण्याचा बाक मात्र या तीसच्या यादीत नाही. शिवाय शाळेच्या वयातील मुलांसाठी हा कार्यक्रम शासकीय आणि अनुदानित शाळांपुरता आहे. खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जाणारी मुले त्याच्या कक्षेबाहेर राहतात. एरवी सुस्थितीत मानल्या जाणाऱ्या या घरांतील मुलांची पाठ शासनही पाहत नाही आणि पालकांनाही ती दिसत नाही.

उद्या एखाद्या शाळेने थर्मल कॅमेऱ्याचे शिबिर भरवायचे ठरवले, तर पालकांनी विचारण्यासारखे प्रश्न तांत्रिक तेवढेच सामाजिकही आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या उघड्या पाठीची चित्रे कोण घेणार, खोलीत महिला कर्मचारी असेल का, चित्रे कोठे साठवली जाणार, नंतर ती पुसली जाणार का? अठरा वर्षांखालील मुलांची माहिती डिजिटल स्वरूपात वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी, असे २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा सांगतो. शाळेने वर्षारंभी भरून घेतलेल्या सरसकट फॉर्मवर हे प्रकरण भागवणे योग्य होणार नाही. शिवाय संशयित आढळलेल्या मुलीचे नाव वर्गात फुटले तर तिला होणारा त्रास कोणत्याही कॅमेऱ्यात उमटत नाही.

तशीही या विकाराभोवती लपवाछपवी बरीच आहे. 'मुलीची जात, उद्या लग्नाचे काय' या काळजीने अनेक घरांत बाक लपवला जातो, सैल कपडे घेतले जातात, मालिशवाल्याकडे फेऱ्या होतात. मालिशने किंवा लटकण्याने हाडाचा बाक सरळ होत नाही. लपवण्यात जी दोन वर्षे जातात, नेमक्या त्याच दोन वर्षांत पट्टा उपयोगी पडू शकला असता. हाडांची वाढ थांबल्यावर पट्ट्याचा उपयोग संपतो. साधारणपणे २५ अंशांपर्यंत केवळ नियमित निरीक्षण, २५ ते ४५ च्या दरम्यान आणि वाढ शिल्लक असल्यास पट्टा, ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार, अशी उपचारांची वाटणी असते. शस्त्रक्रियेत मणक्यांना स्क्रू व धातूच्या दांड्या बसवून कण्याचा तेवढा भाग सांधला जातो. ती मोठी आणि खर्चिक शस्त्रक्रिया आहे. पट्टाही सुखाचा नाही. आपल्या घामट हवेत प्लास्टिकचा कडक साचा अंगावर तेरा तास वागवणे, त्यावरून गणवेश घालून वर्गात बसणे आणि मैत्रिणींच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे बारा वर्षांच्या मुलीकडून अपेक्षिताना घरच्यांनी तिच्या बाजूने उभे राहावे लागते. आत सुती बनियन घालणे आणि तो दिवसातून दोनदा बदलणे, एवढ्या साध्या गोष्टीनेही पट्ट्याचे तास वाढतात.

घरच्या घरी पाहण्यासाठी कोणत्याच यंत्राची गरज नाही. मुलाला पाठमोरे, अनवाणी उभे करावे. दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का, एका बाजूचे खांद्याचे हाड जास्त वर आलेले दिसते का, लोंबत्या हातांच्या आणि कमरेच्या मधली फट दोन्हीकडे सारखी आहे का, हे पाहावे. मग गुडघे न वाकवता, दोन्ही तळवे जोडून, कमरेतून सावकाश पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाठीच्या पातळीत डोळे आणून पाहावे. एक बाजू उंच दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे. अमेरिकेतील अस्थिरोग आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलींची तपासणी दहाव्या आणि बाराव्या वर्षी, तर मुलांची तेराव्या किंवा चौदाव्या वर्षी करण्याची शिफारस केली आहे. मुलींमध्ये पाळी सुरू होण्याआधीचे वर्ष विशेष महत्त्वाचे, कारण उंची तेव्हा सर्वांत वेगाने वाढते.

ठाकुर्लीतील पालकांना पहिल्या तपासणीसाठी डोंबिवलीतील शास्त्रीनगर आणि कल्याणमधील रुक्मिणीबाई ही पालिकेची रुग्णालये जवळची आहेत. पुढची वाट सहसा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे किंवा मुंबईतील केईएम, शीव, जे. जे. आणि परळच्या वाडिया बालरुग्णालयाकडे जाते. हाजीअली येथे १९५५ पासून असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कृत्रिम अवयव आणि आधारपट्ट्यांच्या कामासाठी ओळखली जाते. क्ष-किरण चित्र उभे राहूनच, संपूर्ण कण्याचे आणि शक्यतो पाठीमागून काढलेले असावे. झोपून काढलेल्या चित्रात बाक कमी दिसतो. जुनी फिल्म टाकून देऊ नये, कारण चार-सहा महिन्यांनी नव्या चित्राची तुलना तिच्याशीच करायची असते. कॉब अँगल मोजताना पाच अंशांपर्यंतची तफावत मोजणाऱ्याच्या हातानेही पडू शकते. त्यामुळे २२ अंशांचा बाक सहा महिन्यांनी २५ भरला, तर तो वाढलाच असे लगेच म्हणता येत नाही. २९ भरला आणि उंची अजून वाढत असेल, तर मात्र पट्ट्याचा निर्णय पुढच्या भेटीवर टाकला जात नाही.